आत्याचं लुथरन गिऱ्हाईक

कायानी, फिनलंड
सोमवार, ४ ऑक्टोबर १९८२

प्रिय आत्या,

आज धुण्याचा आणि पत्रांचा वार. आईला लिहून झालं. मी मजेत आहे, प्रभूचं काम जोरात चाललंय आणि फिनिश लोक फार प्रेमळ आहेत, असं तिला कळवलंय. तिला आलेलं पत्र रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचलं जातं. त्यात दुसरं काय लिहिणार? हे पत्र मात्र तू कुणालाही वाचून दाखवू नकोस. केस धुताना गिऱ्हाइकांनासुद्धा नाही.

खरी गोष्ट अशी आहे की इथे आल्यापासून आम्हा मिशनऱ्यांना एकाही घरात कुणी आत घेतलेलं नाही. लोक दार उघडतात, आमचे पांढरे शर्ट आणि छातीवरच्या नावाच्या पट्ट्या बघतात, 'नको, धन्यवाद' म्हणतात आणि दार लावतात. आपटत नाहीत, हळूच लावतात. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

माझा जोडीदार एल्डर व्हिपल अॅरिझोनाचा आहे. त्याने आयुष्यात कधी बर्फ पाहिलेला नाही. आत्ताच अंगावर सगळे कपडे घालून झोपतो. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ आहे. एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही हा नियम तो इतका पाळतो, की मी न्हाणीत गेलो तर बाहेरून भजनं म्हणत बसतो.

आणि ही भाषा! परवा गावाच्या टोकाला, तळ्याकाठी एक म्हातारे गृहस्थ लाकडं रचत होते. पिक्कराइनेन त्यांचं नाव. ते 'नको' म्हणाले नाहीत, नुसते बघत राहिले. मला इतका आनंद झाला, की मी ताठ उभा राहून म्हटलं, "तर मग मंगळवारी आम्ही तुम्हाला भेटू!" व्हिपलने रस्त्यात सांगितलं की 'भेटू' आणि 'ठार मारू' यांत फक्त एका 'आ'च्या लांबीचा फरक आहे, आणि मी तो आखूड म्हटला.

म्हातारबुवांनी थोडा विचार केला होता आणि म्हटलं होतं, "मंगळवारी मी घरीच असतो."

उद्या मंगळवार आहे.

तुझा,
एल्डर डेरेल स्पॅकमन


क्लोव्हर क्रीक, आयडाहो
१९ ऑक्टोबर १९८२

डेरेल बाळा,

एल्डर म्हणे! एल्डर म्हणजे वडीलधारा. तुला मी बटाट्याच्या शेतात उघडा पळताना पाहिलंय, तेव्हा माझ्यासमोर वडीलधारेपणा मिरवू नकोस.

तुझं आईला आलेलं पत्र तुझ्या बापाने रविवारी वाचलं. गाई सांभाळून वर गावच्या चर्चचा बिशपही असल्यामुळे त्याला वाटतं आवाज जितका खोल तितकी श्रद्धा जास्त. दूध काढतानाचा आवाज वेगळा आणि चर्चमधला वेगळा. त्याच्या गाईंनी चर्चमधला आवाज ऐकला तर आटतील बिचाऱ्या. पत्र मात्र इतकं बेचव होतं, की ते मी इथे बसूनसुद्धा लिहिलं असतं. एका वाक्यावरही मला विश्वास बसला नाही.

माझं सलून ठीक चाललंय. एक नवीन गिऱ्हाईक येतंय. पुरुष आहे! पोकाटेल्लोला रेल्वेत इंजिन चालवायचा, आता निवृत्त होऊन इथे आलाय. त्याच्या न्हाव्याने दुकान बंद केलं, म्हणून हा सरळ बायकांच्या सलूनमध्ये येऊन बसला. डोक्यावर कानामागे थोडी झालर आहे, बाकी आरसा. मी म्हटलं, "यात कापायचं काय?" तर म्हणाला, "ते तुम्ही ठरवा. तुमचा धंदा आहे." गेल्या आठवड्यात आला, या आठवड्यात परत आला. बायका ड्रायरखाली बसून नुसत्या टकामका बघतात.

तो म्हातारा जिवंत आहे का, ते कळव.

तुझी,
आर्डिस आत्या


कायानी
सोमवार, १५ नोव्हेंबर १९८२

प्रिय आत्या,

जिवंत आहे! आम्ही आता दर मंगळवारी जातो.

पहिल्या खेपेला मी आधी माफी मागितली. म्हटलं, मला भेटू म्हणायचं होतं. पिक्कराइनेन म्हणाले, "माहीत आहे. म्हटलं, काही का असेना, कुणी तरी येतंय." एवढं बोलून ते इतके थकले, की नंतर तासभर गप्प बसले.

बायको वारली आहे, मुलगा स्वीडनमध्ये गाड्यांच्या कारखान्यात. घरात एक घड्याळ, एक चूल आणि ते. आम्ही धडा सांगतो, ते खिडकीतून तळ्याकडे बघतात. मधूनच श्वास आत ओढून 'यो' म्हणतात. इथे 'हो' असंच म्हणतात, आत ओढून, जणू शब्द वाया जाऊ नये म्हणून परत गिळताहेत. आधी वाटलं यांना दमा आहे.

अडचण एकच, कॉफी. आल्याबरोबर ते किटली ठेवतात. आम्ही नको म्हणतो. ते विचारतात, "आजारी आहात?" व्हिपल चहा-कॉफी वर्ज्य मानणाऱ्या आपल्या देहशुद्धीच्या नियमांवर बोलतो. ते ऐकून घेतात आणि किटली पुन्हा पुढे करतात. शेवटी आमच्या कपांत गरम पाणी ओततात आणि आमच्याकडे असं बघतात, की आपण आजारीच आहोत असं वाटायला लागतं. मग काळा पाव, खारवलेला मासा, आणि निघायच्या आधी लाकडं फोडायची. व्हिपलने परवा कुऱ्हाड उलट्या बाजूने मारली. पिक्कराइनेन यांनी ती हातातून काढून घेतली, सुलटी करून परत दिली.

ते आपल्या चर्चमध्ये येतील का? माहीत नाही. त्यांच्या मनात काय चाललंय हे त्यांच्या घड्याळालाही माहीत नसेल. गप्प माणसाला बोलतं कसं करायचं? तुझ्यासमोर तर दगडसुद्धा बोलायला लागतात.

तुझा,
डेरेल


क्लोव्हर क्रीक
२ डिसेंबर १९८२

डेरेल बाळा,

आईला लिहिताना जरा जपून. तू लिहिलंस, 'धडा ऐकताना ते श्वास आत ओढतात.' रविवारी तुझी आई उभी राहून म्हणाली, "सत्य ऐकताना बंधू पिक्कराइनेन यांचा श्वास अडकतो!" बायकांनी डोळे पुसले. सगळ्या गावाने एक दिवस त्यांच्यासाठी उपास धरला. मीही धरला, दुपारपर्यंत. आता बायका त्यांच्यासाठी बाप्तिस्म्याला पाण्यात उतरताना घालायचे पांढरे कपडे शिवताहेत. फिनलंडचा लाकूडतोड्या म्हणजे राक्षसाएवढा असणार असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलंय. विजार बघितली तर तीत आख्खा दांडगा बैल मावेल. ते गृहस्थ केवढे आहेत?

तू विचारलंस गप्प माणसाला बोलतं कसं करावं. त्याच्या मागे उभं राहून काहीतरी कामात राहावं. तोंडाकडे बघू नये. मी कात्री नुसती हवेत वाजवत राहते. माझं ते रेल्वेचं गिऱ्हाईक असंच बोलायला लागलं. हॅल ब्रँडवोल्ड नाव त्याचं. दर बुधवारी येतो. गेल्या बुधवारी माझ्या सिंकची तोटी गळत होती ती दुरुस्त केली आणि वर शीळ घातली.

तुझ्याकडे सगळे लुथरन पंथाचे, आणि हाही त्यातलाच, म्हणून विचारते. ते मानतात तरी काय? म्हणजे देवाधर्माचं. आणि त्यांच्यात लग्नकार्यं वगैरे कशी होतात? आणि चांगली कॉफी कशी करतात हे म्हातारबुवांकडे बघून लिहून पाठव. गिऱ्हाइकाशी बोलायला काहीतरी विषय हवा ना.

तुझी,
आत्या


कायानी
सोमवार, ३ जानेवारी १९८३

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी व्हिपलला मिठीच मारली. आत्या, तूसुद्धा मिशनरी झालीस! आणि आम्ही इथे दारोदार गोठतोय, तू मात्र सलूनमध्ये बसल्या बसल्या एक लुथरन माणूस धरलास! तुझा प्रश्न वाचला आणि कळलं, त्या हॅलबुवांच्या मनात जिज्ञासा जागी झाली आहे. ही संधी सोडू नकोस. सोबत लुथरन लोकांच्या समजुतींवर माझी सहा पानी टिपणं जोडली आहेत, आणि व्हिपलने त्यावर आपली शेरेबाजी केली आहे. त्यांना आपला ग्रंथ भेट दे. शेवटी त्यांना थेट विचार, की तुम्ही पाऊल उचलायला तयार आहात का? लाजू नकोस.

(कॉफी: पिक्कराइनेन पाणी उकळून त्यात मूठभर पूड टाकतात, उतरवून निवळू देतात. तू ती त्यांना देऊ नकोस अर्थात. वास मात्र चांगला असतो.)

कपडे आले. पिक्कराइनेन माझ्या खांद्याला लागतात. पार्सल त्यांच्यासमोर उघडलं. व्हिपलने 'हे पवित्र प्रसंगासाठी' हे वाक्य सकाळपासून पाठ केलं होतं. म्हाताऱ्यांनी कापडाला हात लावून बघितला, शिवण ताणून बघितली आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू आलं. तो त्यांनी बर्फातला शिकारीचा पोशाख समजला. इथे सशाला दिसू नये म्हणून वरून असेच पांढरे ढगळ कपडे चढवतात. लोकरीच्या कोटावरून तो त्यांना अगदी बसला. व्हिपल बोलायच्या आत ते बंदूक घेऊन दाराबाहेर होते. पुढच्या मंगळवारी आम्हाला सशाचं कालवण मिळालं.

आईला फक्त इतकंच लिहिलंय की कपडे त्यांना फार आवडले.

तुझा,
डेरेल


क्लोव्हर क्रीक
२४ जानेवारी १९८३

डेरेल बाळा,

तू सांगितलंस तसं केलं. ग्रंथ दिला. हॅलने तो आठवडाभरात वाचून काढला, मधल्या लढायांसकट. त्या मी स्वतः कधी वाचल्या नाहीत. परत आणून दिला आणि म्हणाला, "चांगला आहे. मला माझं आहे तेच बरं वाटतं. पण तुम्हाला हे पटतं हे वाचून बरं वाटलं."

मग मी तू लिहिलेला प्रश्न विचारला. अगदी तुझ्याच शब्दांत. म्हटलं, "तुम्ही पाऊल उचलायला तयार आहात का?"

तो म्हणाला, "आर्डिस, मी नोव्हेंबरपासून तयार आहे. मला वाटलं तुम्ही विचारणारच नाही."

आणि त्याने माझ्या हातातली कात्री काढून टेबलावर ठेवली आणि मला लग्नाचं विचारलं. मी विचारलं म्हणून त्याने विचारलं असं तो म्हणतो. ड्रायरखाली तेव्हा मिसेस टोलमन बसली होती. तिने यंत्र बंद न करताच डोकं बाहेर काढलं.

मी हो म्हटलंय. जूनमध्ये, पोकाटेल्लोला, त्याच्या चर्चमध्ये. तुझ्या बापाला अजून सांगितलेलं नाही; मिसेस टोलमनने आज दुपारपर्यंत सांगितलं असेल.

हे सगळं तुझ्यामुळे झालं. काय म्हणतोस?

आत्या


कायानी
सोमवार, ७ फेब्रुवारी १९८३

प्रिय आर्डिस आत्या,

तुझं पत्र मिळालं. मी प्रार्थना करून मगच उत्तर लिहायला बसलो आहे.

तू सज्ञान आहेस. तुझा निर्णय तुझा. पण मी प्रभूचा सेवक म्हणून इथे आलो आहे, त्यामुळे खरं ते सांगणं माझं कर्तव्य आहे. आपल्या पंथाच्या मंदिरात लागलेलं लग्न अनंतकाळ टिकतं. हे लग्न फक्त मरेपर्यंत टिकेल. तू याचा नीट विचार केला आहेस का? बाबांना किती वाईट वाटलं असेल? आजी गेल्यावर तूच त्यांना वाढवलंस. त्यांच्या डोळ्यांसमोर तुझाच आदर्श आहे.

श्री. ब्रँडवोल्ड सज्जन असतील. सज्जन असणं पुरेसं नाही.

आपला,
एल्डर स्पॅकमन


कायानी
सोमवार, ७ मार्च १९८३

प्रिय आत्या,

तुझं पत्र नाही. टपाल उशिरा येत असेल. इकडे बर्फ फार आहे. तिकडे कसं आहे? सलून कसं चाललंय?

व्हिपल म्हणतो मी बरोबर लिहिलं. तो तसं म्हणाला तेव्हापासून मला झोप लागत नाही.

डेरेल


कायानी
सोमवार, १८ एप्रिल १९८३

आत्या,

तू रागावली आहेस हे मला कळलंय, तरी लिहितो. दुसऱ्या कुणाला हे लिहिता येत नाही.

मंगळवारी पिक्कराइनेन यांच्याकडे गेलो. ऊन पडलं होतं. ते तो पांढरा पोशाख घालून तळ्याकाठी जाळं विणत बसले होते. व्हिपलला घरी फोटो पाठवायचा होता, गोठलेल्या तळ्यावर उभा राहिलेला. पिक्कराइनेन 'नको' म्हणाले. एकदाच म्हणाले. इथली माणसं दुसऱ्यांदा सांगत नाहीत, आणि आम्ही अमेरिकन माणसं पहिल्यांदा ऐकत नाही. ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ आतून कुजला होता. व्हिपल हात पसरून हसला, मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि काचेत नुसतं तळं राहिलं.

आवाजसुद्धा झाला नाही, आत्या. मग त्याचं डोकं वर आलं. मी धावत सुटलो तर पिक्कराइनेन यांनी मला कॉलरला धरून मागे आपटलं. सत्तरीचा माणूस. पायाने रेटायची घसरगाडी असते ना इथे, ती त्यांनी आडवी केली, पोटावर झोपले आणि ती पुढे ढकलत सरपटत गेले. कडेचा बर्फ त्यांच्याखालीही मोडला. ते छातीपर्यंत पाण्यात गेले. पण त्यांचा एक हात व्हिपलच्या टायमध्ये होता. 'दोर' म्हणून ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मी जाळ्याचा दोर फेकला, ओढला, दोघं बाहेर आले.

मग सौनाच्या, म्हणजे त्यांच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, चुलीपाशी. त्यांनी व्हिपलचे सगळे कपडे उतरवले, घोंगड्यांत गुंडाळलं आणि चमच्याने काहीतरी काळं, गरम, साखर घातलेलं पाजायला लागले. व्हिपलचे दात वाजत होते. म्हणाला, "हे का-का-काय आहे?"

मी म्हटलं, "फिनिश औषध."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "अजून आहे का?"

तिसऱ्या कपानंतर त्याचे ओठ लाल झाले आणि तो हळूच म्हणाला, "स्पॅकमन, मला कळलं होतं. माझे आजोबा गोठ्यात चोरून प्यायचे, तेव्हा असाच वास यायचा." आणि रडायला लागला. मग मीही. पिक्कराइनेन कानकोंडे होऊन लाकडं आणायला गेले.

आत्या, हे सज्जन असणं पुरेसं नाही, असं मी तुला लिहिलं होतं. तू ते पत्र फाडून टाक.

आईला घाबरवायचं नाही म्हणून फक्त इतकंच कळवलं, की पिक्कराइनेन तो पोशाख घालून तळ्यावर आले, पाणी फार गार होतं, पण प्रभूच्या कृपेने सगळं सुखरूप पार पडलं.

डेरेल


क्लोव्हर क्रीक
२९ एप्रिल १९८३

अरे गाढवा,

पत्र फाडलं. फेब्रुवारीतच फाडलं होतं. मग चिकटवलं, रागवायला लागलं तर हाताशी असावं म्हणून. आता चुलीत घातलं.

रागावले तर होतेच. मिसेस टोलमनचे केस त्या रागात इतके घट्ट कुरळे केले, की तिला टोपी बसेना. तू म्हणालास, लग्न फक्त मरेपर्यंत टिकेल. बाळा, मी चौपन्न वर्षांची आहे. मरेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ झालं.

तो व्हिपल कसा आहे? त्याला लोकरीचे मोजे पाठवतेय. म्हातारबुवांना काय पाठवू ते कळेना. हॅलने कॉफीचा डबा दिलाय. म्हणाला, सांगा त्यांना, रेल्वेवाल्याकडून.

आता इकडची गंमत ऐक. तू आईला लिहिलंस, पोशाख घालून तळ्यावर आले, पाणी गार होतं, सगळं पार पडलं. झालं! रविवारी तुझ्या बापाने उभं राहून जाहीर केलं की फिनलंडमध्ये बंधू पिक्कराइनेन यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तोही गोठलेल्या पाण्यात. आख्खं चर्च रडलं. ज्यांनी विजार शिवली त्या बायका जास्त रडल्या. मला खरं माहीत होतं, पण तू सांगू नकोस म्हणालास, म्हणून मी रुमालात तोंड घालून बसले. लोकांना वाटलं मीसुद्धा हेलावले.

हसू तेवढ्यापुरतंच आलं. तुझा बाप व्हर्ल माझ्याशी बोलत नाही. मी त्याला वाढवलं, दूधभात चमच्याने भरवला, त्याचं लग्न केलं, आणि तो मला मिसेस टोलमनकडून निरोप पाठवतो, की लुथरन चर्चची पायरी मी चढणार नाही. हॅलला त्याने अजून पाहिलेलंसुद्धा नाही. 'बघायचंच नाही' म्हणतो. लग्नात मला हाताला धरून पाद्र्यासमोर घेऊन जाणारं दुसरं कोण आहे? हॅल म्हणतो, आपण दोघंच चालत जाऊ. जाईनही. पण बाळा, मला तो तिथे हवा आहे.

तू याची चिंता करू नकोस. मदर्स डेला फोन करशील तेव्हा आईशी गोड बोल. फोन करायची परवानगी वर्षात दोनदाच, ती माझ्यावर वाया घालवू नकोस.

आत्या


क्लोव्हर क्रीक
१२ मे १९८३

डेरेल बाळा,

तुला फोनवर तुझी बाजू कळली. इकडची मी सांगते. मी तेव्हा पॅसेजमधला दुसरा फोन उचलून, तोंडावर हात धरून उभी होते. तुझ्या आईनेच बोलावलं होतं. ती दिसते तितकी साधी नाही.

तुझ्या बापाने चर्चमधला आवाज काढून म्हटलं, "एल्डर स्पॅकमन, अभिनंदन!" आणि तू म्हणालास, "बाबा, बाप्तिस्मा झालेला नाही."

"मग ते पाण्यात कशाला उतरले?"

"व्हिपलला बाहेर काढायला."

आणि तू सगळं सांगितलंस. तुझी आई त्याच्या रिसीव्हरला कान लावून पहिल्यांदाच ऐकत होती. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली ती बसलीच. मग तू जे म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "बाबा, दर मंगळवारी आम्ही त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्या चुलीशी शेकत, त्यांचं चर्च चुकीचं आहे असं त्यांना सांगायचो. ते ऐकून घ्यायचे. आमच्यातला एक बुडायला लागला तेव्हा ते पोटावर सरपटत गेले. तुम्ही आत्याच्या लग्नाला जा, बाबा. पायरीच चढायचीय. खाली बर्फ नाहीये."

माझ्या हातातून फोन निसटला आणि भिंतीवर आपटला. तुला वाटलं लाइन खराब आहे. ती मी होते.

व्हर्लने "आईला बोलायचंय," म्हणून रिसीव्हर तिच्याकडे दिला आणि गोठ्यात गेला. दूध तर कधीच काढून झालं होतं. तासाने चर्च. तिथे उभा राहिला आणि म्हणाला, "मागच्या वेळी दिलेली बातमी बरोबर नव्हती. बंधू पिक्कराइनेन यांचा बाप्तिस्मा झालेला नाही. तरीसुद्धा..." आणि थांबला. सगळे वाट बघत राहिले. तो कागद चाळत राहिला, मग खाली बसला. त्याचं 'तरीसुद्धा' पुढे कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही.

माझ्याशी अजून बोललेला नाही. पण काल माझ्या मागच्या दाराशी दुधाचा कॅन ठेवलेला होता.

आत्या


कायानी
सोमवार, ३० मे १९८३

प्रिय आत्या,

व्हिपलची बदली दक्षिणेला झाली. जायच्या आधी त्याने पिक्कराइनेन यांना शेवटचा प्रश्न नियमाप्रमाणे विचारला, बाप्तिस्मा घ्याल का?

त्यांनी तळ्याकडे बघितलं. तळ्यावर आता बर्फ नाही. मग मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं इतकं ते बोलले. "माझी बायको लुथरन मातीत आहे. तिच्याशेजारी माझी जागा आहे. मी तिथेच जाणार. तुमचं बोलणं ऐकायला बरं वाटतं, मुलगे बोलताहेत असं वाटतं. मंगळवारी येत जा."

व्हिपलने वही मिटली आणि म्हटलं, "ठीक आहे." मग त्याने त्यांना मिठी मारली. फिनिश माणसाला मिठी मारणं म्हणजे खांबाला मिठी मारणं. पण खांबाने त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

आता माझा नवा जोडीदार आलाय, कॅनडाचा, थंडीला हसतो. उद्या त्याला घेऊन जाणार. मिशन अध्यक्षांना मी लिहिलं की इथे बाप्तिस्मा होणार नाही, तरी मंगळवारी जायला परवानगी द्या. त्यांनी उत्तर पाठवलं, 'लाकडं फोडणं हीसुद्धा सेवा आहे.' भला माणूस.

तुझ्या लग्नाला मी नाही याचं फार वाईट वाटतंय. हॅलकाकांना माझा नमस्कार सांग. काका म्हणू ना?

तुझा,
डेरेल


पोकाटेल्लो, आयडाहो
२० जून १९८३

डेरेल बाळा,

काका म्हण. त्याने ते वाक्य परत परत वाचायला लावलं.

लग्न शनिवारी झालं. माझा निळा पोशाख, हॅलचा रेल्वेच्या निरोपसमारंभातला सूट. कानामागच्या झालरीला मी सकाळीच कात्री लावली होती. तुझी आई केक घेऊन आधीच येऊन बसली होती. एकटीच. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मग आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून आत चालत गेलो. तरुण पोरांसारखं होत नाही ते. त्याचा गुडघा दुखतो, माझ्या चपला नव्या. पण गेलो.

पाद्री म्हणाले, आता भजन. मला वाटलं त्यांची गाणी मला कुठली येणार? पण पहिला सूर वाजला आणि बघते तर, हे तर आपल्याही पुस्तकात आहे! लुथरन लोक फार हळू गातात, जणू शेजारी कुणी झोपलंय. मी ओठ हलवत होते. दुसऱ्या कडव्याला मागून दाराचा आवाज आला, गार वारा आला, आणि एवढा मोठा, एवढा बेसूर आवाज आला, की पुढच्या बाकावरच्या म्हातारीने कानातलं यंत्र काढून बघितलं.

व्हर्ल. सूट घातलेला, बूट गोठ्यातले. नंतर कळलं की निघायच्या वेळी गाय व्यायला लागली होती, वासरू आडवं होतं, ते बाहेर काढून मग तो गाडी हाणत आला. त्याला सूर कधीच लागलेला नाही. लहानपणी मी त्याला कोपरखळी मारून गप्प करायची. पण सगळे शब्द पाठ. दाराशी उभा राहून, हनुवटी वर करून, तो गोठ्यातल्या आवाजात गात होता. हळूहळू लुथरन लोकांनाही चेव आला. त्यांना त्याच्यापेक्षा मोठ्याने गाणं भागच होतं. शेवटच्या कडव्याला तर तावदानं वाजायला लागली.

मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, कारण बघितलं असतं तर माझं तिथेच काहीतरी झालं असतं. हॅल माझ्या कानाशी वाकला. म्हणाला, "हे कोण आहे?"

मी म्हटलं, "माझा धाकटा भाऊ!"

आणि ते इतक्या मोठ्याने म्हटलं, की पाद्रीबुवा पुढचं वाक्य विसरले.

तुझी आत्या